तुरीएवढा गेरू

दादाच्या नातवाने रिसोडात रंगाचं दुकान टाकलं आणि उद्घाटनाला मला मंगरूळहून जीप करून आणलं. नारळ झाला, पेढे झाले, आणि मग पोरगा मला हाताला धरून एका मशीनपुढे घेऊन गेला. मशीन कसलं, कपाटाएवढं धूड! हातात एक जाडजूड पुस्तक दिलं, पानापानांवर रंगाच्या पट्ट्या. "आजी, यातला कोनताबी सांगा," म्हणाला. मी एका पट्टीवर बोट ठेवलं. त्याने आकडे टाकले, बटण दाबलं, पांढऱ्या डब्यात वरून थेंब थेंब रंग पडले, डबा गरगरा फिरला. झाकण उघडलं तर हुबेहूब तोच रंग. तांबूस सावळा. शेकडो पट्ट्यांमधून माझं बोट नेमकं तिथेच का गेलं, देव जाणे.

मी तोंडभरून कौतुक केलं. पलीकडे खुर्चीत दादा, माझा मोठा भाऊ, बसला होता, काठीवर दोन्ही हात ठेवून, लोकांचे नमस्कार घेत. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. डब्यातला रंग त्यालाही दाखवला नातवाने. त्याने वाकून पाहिला आणि म्हणाला, "मस्त हाय." मला ठाऊक होतं, त्याला तो रंग दिसत नाही.

आणखी एक खटकलं. एवढं रंगाचं दुकान, पण वास कशाचाच नाही. आमच्या वेळी रंग आधी नाकाला कळायचा.

तेव्हा रिसोडला आमचा मळा गावाला लागून होता. आमचा जिल्हा तेव्हा अकोला. सोयाबीनचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. बाबा वांगी, भेंडी, कारली, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची लावायचे आणि पहाटेच्या दवात तोडलेला माल आम्ही बाजारात नेऊन बसायचो. थंडी सरताना मिरचीचा तोडा असायचा. हिरव्या झाडांत पिकलेल्या लाल मिरच्या हेरून तोडायच्या आणि हिरव्या ठेवायच्या, एवढं सोपं काम. लहान पोरंही करायची. दादाला ते जमायचं नाही. त्याच्या तासात, म्हणजे त्याच्या ओळीत, लाल मिरच्या तशाच लोंबत राहायच्या आणि फडक्यात हिरव्या निघायच्या. बाबा संतापायचे. "डोये हायेत का भोकं? लक्ष कुठी असते रे तुह्यं?"

लक्ष होतं त्याचं. मी दहा-अकरा वर्षांची असेन, त्याच्या मागे मागे चालत त्याच्या तासातल्या मिरच्या गुपचूप तोडायची. एकदा विचारलं, "दादा, हे एवढी लालभडक तुले दिसत नाई?" तो झाडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मले सारं एकच दिसते वं. हात लावला का कयते, पिकलेली नरम लागते." कुणाला सांगू नको म्हणाला. मी गळ्याची शपथ घेतली. याला काही नाव आहे, हे आम्हाला कुठे माहीत! वाटायचं, दादाचं काहीतरी चुकलंय आणि ते घरात कळलं तर मार बसेल.

आणि गंमत अशी की याच दादाच्या हातात चित्र होतं. विहिरीवरच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने बैल काढले होते त्याने, आजोबा काढले होते, हरभऱ्याचा घाटा काढला होता. आजोबांचं तर असं काढलं की माय तिथून जाताना पदर सावरायची. कोळशात लाल-हिरवं काही नसतं. काळं, पांढरं आणि मधलं. तिथे माझा दादा राजा होता.

ते बैल बघून सोनाजी पेंटरांनी त्याला आपल्याकडे बोलावलं. सोनाजीकाका म्हणजे गावातला एकुलता एक ऑइलपेंटवाला माणूस. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पेट्या, बैलगाडीची धुरा, आणि खरी कला म्हणजे माणसांच्या तसबिरी. त्यांच्या भिंतीवर त्यांनीच काढलेली बुद्धाची तसबीर होती, पाठीमागे निळं आभाळ. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, पण काय तो वास! जवसाचं तेल मंद आचेवर कढत असायचं. लवकर वाळावं म्हणून त्यात कसलीशी पिवळी पूड चिमूटभर पडायची आणि खोलीभर एक कडवट, जड वास बसायचा. माझ्या वेणीला, ओढणीला, जेवताना बोटांना तोच वास. माय नाक मुरडायची. मला आवडायचा. आजही कुणाच्या घरी जवसाची चटणी कुटत असले की माझा घास अडतो.

दादा शिकायला जायचा आणि मी डबा घेऊन जायची. डबा द्यायला म्हणून गेले ती तिथेच बसायला लागले. काकांनी दगडी पाटा पुढे ओढला आणि म्हणाले, "बसली तं बस, पन रिकाम्या हातानं नोको बसू. हे घोट." तेव्हा ट्यूबा महाग आणि त्या मिळायच्या अकोल्याला. काका पूड आणून तेलात घोटायचे. सफेदा म्हणजे पांढरा, रामरज म्हणजे पिवळी माती, गेरू, नीळ, हिरवी, काजळी. घोटून घोटून लोण्यासारखं झालं की मलमाच्या जुन्या डब्यांत भरायचं आणि वरून थोडं पाणी, म्हणजे साय धरत नाही. मी सोळा-सतरा वर्षांची होते. माझ्या हातांना एवढं सुखाचं काम पुन्हा कधी मिळालं नाही.

काका शिकवायचे ते दादाला, पण कान माझे होते. एकदा त्यांनी राखाडीचे दोन ठिपके दिले, एक लाल कागदावर, एक हिरव्या कागदावर. "आता सांग, कोनता हिरवट दिसते?"

दादाने दोन्ही कागद उजेडाकडे धरले.

मी पाट्यावरून म्हणाले, "लाल कागदावरचा."

"हाव! डब्बा एकच हाय, पन शेजार बदलला का रंग बदलते. म्हनून रंग एकटा पाह्यचाच नाई पोरी. त्याच्या बाजूले कोन बसलं थे पाह्यचं." मग बुद्धाच्या अंगावरच्या केशरी चीवराकडे बोट दाखवून म्हणाले, "थे एवढं पेटल्यावानी काहून दिसते? त्यात काई जादू नाई. मांगं निळं हाय म्हनून."

दुसरी गोष्ट ते रोज सांगायचे. "डोये बारीक कर. बारीक केले का रंग मरते आन् उजेड-अंधार तेवढा राह्यते. थो बराबर असन तं चित्र उभं राह्यते." यात दादाला कुणी हरवू शकत नव्हतं. त्याला डोळे बारीक करायचीही गरज नव्हती. उजेडाच्या जागी उजेड, सावलीच्या जागी सावली, नाकाची कड, ओठाखालचा खड्डा, सगळं अचूक. फक्त कोणत्या डबीतला रंग, तेवढं त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

ते मी सांगायची. आमची मापं ठरली होती. रंग कालवायची काच डाव्या हातात धरून तिच्यावर मी बोटाने दाखवायची: सफेदा हरभऱ्याएवढा, रामरज तुरीएवढी, गेरू तुरीएवढा, नीळ खसखशीएवढी. दादा ते पाठ करायचा. काका बाहेर गेले की मी रंग कालवून ठेवायची. आले की तो लावत असायचा. काका समोर असले की आम्ही भाजीच्या भाषेत बोलायचो. "दादा, आज पिकलं कारलं लय आलं," असं मी म्हटलं की त्याने समजायचं, नारिंगीकडे गेलंय, आवर. काका एकदा म्हणाले, "तुमाले भाजीबिगर काई सुचत नाई का रे?" आम्ही दोघंही खाली मान घालून हसलो. ते हसू आठवलं की अजून बरं वाटतं, आणि लगेच वाटेनासं होतं.

एका दुपारी एका म्हाताऱ्या सावकाराच्या तसबिरीत गळ्याखालची सावली मी कालवली होती. कातडीच्या रंगात हिरवा जरासा मिसळून गेरूची लाली दाबली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपसूक सुचलं होतं. काका आले, पुढे झाले, मागे झाले. "हा रंग कोनं काढला?"

मी पाट्यावर होते. हात तेलाने माखलेले. मला वाटलं, आता दादा माझ्याकडे बघेल.

"म्या," दादा म्हणाला.

"वा रे पठ्ठे! आता तुह्या एकट्याच्या हाती तसबीर देतो." आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

वाटेने मी एक शब्द बोलले नाही. दादा म्हणाला, "अवं, तुह्यं नाव सांगतलं असतं तं त्याहीले सारं समजलं असतं ना." खरं होतं ते. मला कळत होतं. पण त्याच आठवड्यात जेवताना बाबा म्हणाले, "आता पोरीनं त्या पेंटराकडे जाऊन बसाचं नाई. इले पाह्यले पाहुने याची वेळ झाली." मी दादाकडे पाहिलं. तो ठेचा लावून भाकरी खात होता. एक घास, दुसरा घास. माझ्यासाठी एक अक्षर त्याच्या तोंडातून निघालं नाही. मी ताटावरून उठले.

एवढंच झालं होतं. कुणाला सांगितलं तर म्हणतील, हे काय कारण झालं? मीही आता तेच म्हणते. पण तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली होती.

काकांनी दादाला दिलेली तसबीर जऊळक्याच्या स्टेशनवर काम करणाऱ्या, सगळे ज्यांना भाऊ म्हणत त्या गृहस्थांच्या आईची होती. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि वर्षाच्या कार्यक्रमात तसबीर मांडायची होती. फोटो एकच, मंगरूळच्या उरुसात काढलेला, काळा-पांढरा. भाऊ स्वतः रिसोडला आले, रुमालात बांधून आईच्या लुगड्याचा निळा तुकडा घेऊन. मी डबा द्यायला शेवटची गेले होते त्या दिवशी. ते काकांना सांगत होते, "माय सावळी होती, पन काळी नाई. तांबूस. जनमभर उन्हात राबली ना. गालावर अशी तांबडी झाक होती तिच्या." सांगताना त्यांनी स्वतःच्या गालावर हात फिरवला.

काका आठ दिवसांसाठी वाशिमला पाट्यांच्या कामावर गेले. दादाने कॅनव्हास आणि डब्या मळ्यातल्या खोलीत आणल्या. तिथे आणल्या त्या माझ्यासाठीच, हे काय सांगायला पाहिजे? "बाई," तो म्हणाला, "तांबूस सावळा काढून दे वं. तीन थर दे. उजेडाचा, मधला आन् सावलीचा."

मी काच घेतली. सफेदा हरभऱ्याएवढा, रामरज तुरीएवढी. मग गेरूच्या डबीवर हात नेला आणि थांबले. शेजारी हिरवीची डबी होती. मी ती उघडली.

कसं केलं तेही सांगते, कारण तेच माझ्या जिवाला जास्त लागलं आहे. मी भराभर काहीतरी कालवलं नाही. डोळे बारीक करून पाहिलं. गेरूने जेवढा अंधार पडला असता तेवढाच हिरवीने पाडला, काडीभर कमी नाही की जास्त नाही. तीनही थर एकेक करून जुळवले, गेरूची बोटभर रेघ शेजारी ओढून तपासले, मग ती रेघ पुसून टाकली. दादाला संशय यायला जागा राहू नये म्हणून. काकांनी शिकवलेलं सगळं मी त्या एका दुपारी वापरलं.

दादा रंगवायला बसला. लुगडं त्याने स्वतः जुळवलं, निळा त्याला दिसायचा. चेहरा माझ्या रंगांनी केला. आठ दिवस मी भाकरी घेऊन गेले आणि आठ दिवस त्याने विचारलं, "तांबूस आलं का वं?"

"आलं."

"गालावर?"

"गालावरही आलं."

चेहरा जिवंत झाला होता. काय डोळे काढले होते त्याने! सुरकुत्यांत दिवसभराचं ऊन साठलंय असं वाटावं. आणि साऱ्या तोंडावर शेवाळी हिरवा. रोज ठरवायची, आज सांगते. अजून ओला आहे, पुसता येईल. रोज त्याचा तो खुशीत आलेला चेहरा बघितला की पाट्यावरची दुपार आठवायची आणि ओठ मिटायचे. एकदा माय दारातून डोकावली. "बाई, हे बुढी अशी काहून दिसते वं?" मी म्हणाले, "अजून व्हाचं हाय, माय. वाळलं का बदलते." मायचा माझ्यावर विश्वास होता.

मला काय हवं होतं? दादाची फजिती व्हावी, काकांनी त्याला रागवावं, त्याने माझ्याकडे यावं आणि म्हणावं, तुझ्यावाचून माझं चालत नाही. एवढंच. भाऊ, त्यांची आई, हे माझ्या हिशेबातच नव्हते. मेलेल्या बाईचं तोंड मी माझ्या रुसव्यासाठी वापरलं.

बाजाराच्या दिवशी काकांच्या दुकानासमोर मी मुद्दाम वांग्यांची टोपली मांडून बसले. काका सकाळीच परतले होते. भाऊ आले, सोबत बायको. दादाने वरचं फडकं काढलं.

भाऊ पुढे झाले. रुमालातून तुकडा काढून त्यांनी तसबिरीतल्या लुगड्याला लावून पाहिला. "लुगडं बराबर हाय," म्हणाले. मग चेहऱ्याकडे बघत राहिले. रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. खाली बसले, तिथेच उंबऱ्यावर.

"काय झालं, भाऊ?" काकांनी विचारलं.

"काई नाई. मायले कावीळ झाली होती शेवटी. रंग असाच झाला होता तिचा." त्यांनी तो निळा तुकडा घडी करून रुमालात ठेवला. "थे तोंड म्या इसरून राह्यलो होतो, काका."

त्यांची बायको पदराने डोळे पुसत तसबिरीकडे पाठ करून उभी राहिली. मी टोपलीतलं एक वांगं हातात घेऊन बसले होते. गिऱ्हाईक भाव विचारत होतं, मला ऐकू येत नव्हतं.

दादाला काहीच कळेना. तो एकदा भाऊंकडे, एकदा काकांकडे बघत होता. काकांनी दोन डब्या उघडून त्याच्यापुढे धरल्या. "यातला गेरू कोनता?" दादाने बोट ठेवलं. हिरवीवर. काकांनी झाकणं लावली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "आधी काहून नाई सांगतलं रे लेकरा?"

दादा रस्ता ओलांडून माझ्या टोपलीसमोरून गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तिथेच सगळं ओकले असते. राग नव्हता. शरम होती.

तो चेहरा काकांनी दोन दिवस बसून पुन्हा केला आणि भाऊ तसबीर घेऊन गेले. पण बाजारातली गोष्ट बाजारात राहत नाही. दादाला "हिरव्या" म्हणायला लागले. मळ्याच्या कुंपणावरून पोट्टे ओरडायचे. बाबांना मिरच्यांचं कोडं उलगडलं, ते बिचारे पुढे त्याला कधी टाकून बोलले नाहीत. दादाने विहिरीवरच्या खोलीला चुना मारला. बैल गेले, आजोबा गेले. पुन्हा त्याने कोळसासुद्धा हातात धरला नाही. मीही पाट्याजवळ पुन्हा गेले नाही. माझ्या बोटांना कशाचीच चव उरली नव्हती. पुढच्या वर्षी लग्न होऊन मंगरूळला गेले.

लग्नात काका आले होते. पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "थ्या चेहऱ्यात उजेड-अंधार लय बराबर होता, पोरी. न दिसनाऱ्याच्या हातून चूक झाली तं थे अशी मोजूनमापून नसते." मी मान वर केली नाही. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही. घरात कुणाला सांगितलंही नाही. त्यांना जाऊनही आता किती वर्षं झाली.

पन्नास वर्षं मी दादाला राखी बांधते आहे. दर वर्षी ठरवते. दर वर्षी पोरं असतात, सुना असतात, जेवणाची घाई असते. खोटं कशाला बोलू, कुणीही नसलं तरी मी सांगितलं नसतं.

दुकानातली गर्दी ओसरली तेव्हा नातवाने दादाला छेडलं. "आबा, तुमी म्हने पेंटर होते?"

"होतो लेका, दोन वर्सं." दादा हसला. "या बाईच्या डोयानं होतो. रंग हे सांगे, हात माहा. लय हुशार होती हे. सोनाजीकाकापरीस इचा हात चांगला होता."

"आबा, आता मशीन हाय."

"हाय ना. माह्यासारख्याले बरं झालं." मग तो माझ्याकडे वळला. नातू चहा सांगायला बाहेर गेला होता. "बाई, एक बोलू का? लय दिवसाचं हाय मनात."

वाटलं, याला माहीत आहे. आज हा बोलणार. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"थ्या बुढीच्या तसबिरीच्या वक्ताले म्याच डब्या उलट्यापालट्या केल्या असतीन. तू तं बराबर काढून देल्ता. म्या मांगून अजून रंग घेतला, अन् घोळ झाला. सारा दोस माहा. पन माह्यापायी तुह्यंही सुटलं. काकांसमोर तुह्यं नाव नाई घेतलं म्या, बाबांसमोर तोंड नाई उघडलं. थे मले खात राह्यते." त्याने काठी बाजूला ठेवली. "माफ कर वं मले."

बाहेर नातवाचा आवाज येत होता, दोन चहा, साखर कमी. तो आत यायच्या आधी मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही मी. दादा आशेने माझ्या तोंडाकडे बघत होता, डोळे पाण्याने भरलेले.

"जाऊ दे, दादा," मी म्हणाले, "म्या कवाच माफ केलं तुले."